तीनशेपर्यंत!

दिवाळी आटोपली, पऱ्हाटी दुसऱ्या वेच्याला आली आणि राळेगावात भोंग्याचा ऑटो फिरू लागला. एरवी या दिवसांत असा ऑटो फिरतो तो साड्यांच्या सेलसाठी, नाही तर भागवत सप्ताहासाठी. यंदाचा वेगळा होता. ‘आता आपल्या राळेगावातही! विजेच्या वेगाचं घरगुती फायबर! तीनशे एमबीपीएसपर्यंत! बफरिंगला कायमचा रामराम!’ विजेच्या वेगाचं, हे ऐकून चहाच्या टपरीवरचे दोघेतिघे गालात हसले. विजेचा वेग आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. जाताना ती फार वेगानं जाते.

टपरीच्या बाकावर एक मामाजी बसले होते. कापसाची गाडी जिनिंगच्या रांगेत लावून चहाला आलेले. त्यांनी कान टवकारले.

“काय भाव निघाला म्हनते तो?”

“कायचा जी?”

“फायबरचा. तीनशेपर्यंत म्हनून रायला ना.”

“मामाजी, ते कापसाचं नाई. नेटचं हाये. काचेचा धागा असते त्यात.”

“असं होय.” मामाजींनी बशीतला चहा संपवला. “लांबी किती भरते त्याची?”

टपरीभर हशा झाला. पण मामाजींचं काय चुकलं, ते मला अजून कळलेलं नाही. फायबर म्हणजे धागा, आणि राळेगाव तर धाग्याचंच गाव. धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजायची, बारीकपणा मायक्रोनेअरमध्ये, आणि शंभर किलो कापूस जिनात घातला की चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी सरकी, हे इथलं शाळकरी पोट्टंही सांगेल. घरोघरी फायबर पोचवायला आम्हाला कंपनीची गरजच नाही. भाव वाढेल या आशेवर हंगामभर आमच्या घरांत फायबर असतंच. पुढच्या खोलीत आढ्याला टेकलेला ढीग, त्यावर लेकरं झोपलेली, सगळ्यांच्या अंगाला खाज सुटलेली. कंपनी ज्याला ‘घरापर्यंत फायबर’ म्हणते, त्याच्या एक पाऊल पुढे आम्ही केव्हाच गेलोय. घरात फायबर आणि घरचे ओसरीत.

वेगाचं वेडही या मुलखाला नवं नाही. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या आणि साहेबाला वऱ्हाड आठवलं. 1870 मध्ये खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. त्याच वर्षी मुंबई आणि विलायत यांच्यामध्ये समुद्राखालून तारेची केबल जोडली गेली. वऱ्हाडातला भाव लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला झटपट कळू लागला, लिव्हरपूलचा मुंबईच्या दलालाला. ज्यानं कापूस पिकवला तो मात्र भाव विचारायला बंडीच जुंपत होता.

काचेच्या धाग्याची कुंडलीही आमच्यासारखीच. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव ज्यांनी रूढ केलं ते नरिंदरसिंग कपानी पंजाबातल्या मोग्याचे. काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पाठवता येतं, हे त्यांनी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी 1954 मध्ये छापून दाखवलं. या विषयाचं नोबेल मिळालं ते 2009 मध्ये, चार्ल्स काव यांना. शुद्ध काचेतून उजेड लांबवर नेता येईल, हे त्यांचं 1966 चं गणित थोरच, त्यात वाद नाही. पण टपरीवर मी ही कथा सांगितली तेव्हा एकानं जागच्या जागी निकाल दिला, “म्हनजे धागा आपला आन् भाव दुसऱ्याले.” वऱ्हाडी माणसाला काही गोष्टी फोडून सांगाव्या लागत नाहीत.

भावाचंच निघालं म्हणून एक हिशेब. 5 सप्टेंबर 2019 रोजी जिओनं घरगुती फायबर सुरू केलं, तेव्हा खालचा प्लॅन महिना 699 रुपयांचा होता आणि एक गीगाबिटचा सगळ्यात वरचा 8,499 रुपयांचा. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला 5,550. त्यांचं वरचं फायबर महिनाभर घ्यायचं तर आपलं फायबर दीड क्विंटल मोजावं लागणार, वर्षाला अठरा क्विंटल. कोरडवाहूत अठरा क्विंटल व्हायला किती एकर लागतात आणि त्यात बोंडअळीचा वाटा किती, ते वाचकांनी आपापल्या जबाबदारीवर काढावं. तेव्हापासून त्यांचं फायबर स्वस्त होत गेलं आणि आपलं महाग. 2025-26 चा हमीभाव 8,110 होता. तराजू आपल्या बाजूला झुकलाय, असं कागदावर म्हणता येतं. कागदाला ओलावा नसतो.

तरी भूल पडायची ती पडतेच. आमच्या गल्लीत पहिलं कनेक्शन शेजारच्या काकाजींनी घेतलं. नोकरीतून निवृत्त, दोन्ही पोरं पुण्याला. सकाळी उठून बीपीची गोळी घेतली की काकाजी वेग मोजतात आणि फाटकाशी येऊन जाहीर करतात, “आज दोनशे सत्त्याऐंशी!” एखाद्या दिवशी दोनशे चाळीस आला की त्यांना गळून गेल्यासारखं होतं. या वेगाचं ते करतात काय? सकाळी भजन ऐकतात, दुपारी मालिकेचा राहिलेला भाग पाहतात, आणि गुलाबाच्या फुलासह शुभ सकाळ पाठवतात. चांगल्या प्रतीचा सिनेमा पाहायला पाचेक एमबीपीएस पुरतात. सरकारी व्याख्येत तर 2023 पासून दोन एमबीपीएस मिळाले की तेवढं ब्रॉडबँड. उरलेले दोनशे ऐंशी काकाजी नुसते बाळगून आहेत, लग्नातली पितळी भांडी माळ्यावर बाळगावीत तसे. वर्षातून एकदा, पोरं आली की, खाली काढायचे.

आणि सोयरिकी! आमच्या भागात शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं किती कठीण झालंय, यावर विनोद करवत नाही. पण त्यावर निघालेले उपाय विनोदीच आहेत. पूर्वी मुलीकडचे विचारत, ओलित किती? आता पाहुणे बसतात, पाण्याचा ग्लास हाती घेतात आणि मुलीचा भाऊ विचारतो, “वायफायचा पासवर्ड काय जी?” एका स्थळाचा बायोडाटा मी डोळ्यांनी पाहिला. ‘बारा एकर, पैकी चार ओलित, घरी फायबर.’ त्यामुळे राऊटरची जागाही ठरलेली असते. बैठकीत, शोकेसमध्ये, शाळेतल्या ढाली आणि प्लास्टिकच्या फुलांच्या मधोमध, दारातून शिरताच हिरवे दिवे दिसतील असा. बारावीचं पोरगं ज्या मागच्या खोलीत अभ्यास करतं, ती दोन जाड भिंतींपलीकडे. तिथं वेग पोचतो तेव्हा तो धापा टाकत असतो. वेगवान लहरींना भिंती मानवत नाहीत आणि आमच्या जुन्या घरांत भिंतींशिवाय फारसं काही नसतं.

शेवटी आमच्याकडेही आलं. हट्ट अर्थात चिरंजीवांचा. पुण्याहून दिवाळीला येतात ते लॅपटॉप काखेत मारूनच. “बाबा, नेट असतं ना, तर मी इथं महिना महिना राहिलो असतो.” हे वाक्य आईबापाला ऐकवायचं नसतं. आम्ही त्याच दिवशी पैसे भरले.

जोडायला आलेलं पोट्टं जवळच्याच खेड्यातलं. मोटारसायकलवर वायरचं वेटोळं, पाठीवर बॅग. त्यानं ओसरीत सतरंजी मागितली, मांडी घातली आणि काळ्या वायरीचं साल सोलून आतून एक तंतू काढला. केसाएवढा. त्यावरचं वेष्टन चिमट्यासारख्या अवजारानं ओढून काढलं, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, एका छोट्या यंत्रात धरून टोक काटकोनात कापलं. मग दुसरा तसाच तंतू एका डबीत त्याच्या समोरासमोर ठेवून झाकण लावलं. डबीच्या पडद्यावर ते दोन तंतू खांबाएवढाले दिसत होते. ते आपोआप सरकत एकमेकांच्या तोंडाशी आले, मध्ये एक निळी ठिणगी झाली, आणि दोनाचा एक धागा. सांधा कुठं होता ते पडद्यावरही दिसेना. मी आयुष्यात बरेच सांधे पाहिलेत, त्यांत हमरस्त्यावरच्या पुलांचेही आले. इतका स्वच्छ सांधा राळेगावात पहिल्यांदा पाहिला.

आई हे सगळं खाटेवरून पाहत होती. तिच्या हातात वातीचा कापूस. “यातून काय येते रे बाबू?”

“उजेड येते आजी.”

आईनं तंतू पाहिला, मग मांडीवर वळलेली वात पाहिली. “याले तेल किती लागते?”

पोट्टं हसलं, पण उत्तर दिलं त्यानं. “तेल नाई, लाईन लागते. लाईन गेली की हेबी गेलं.” परगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे लाईन म्हणजे वीज. आईचं समाधान झालं. मग आत जाऊन ती दहीभाताची वाटी घेऊन आली. कापसाचा पहिला वेचा करायच्या आधी आमच्याकडे शेतात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, काही दाणे तासात टाकतात. तालुक्यात रावेरीला सीतेचं देऊळ आहे, तिचा मान मोठा. नवं फायबर घरात येतंय, तेव्हा आईनं दोन शितं राऊटरच्या दिशेनं टाकलीच. पोट्ट्यानं झटकन राऊटरवर हात धरला. “आजी, त्याच्यात पानी गेलं तं वॉरंटी जाते!” एक शित मात्र त्याच्या मनगटावर राहिलं, आणि ते त्यानं न झटकता खाल्लं.

आता हे तीनशे म्हणजे नेमकं किती, तेही त्याच्याकडूनच समजलं. तीनशे हे मेगाबिट. आपण फोनवर जे मोजतो ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. मी त्याचं लगेच आमच्या भाषेत केलं. बिट म्हणजे कापूस आणि बाइट म्हणजे रुई. तीनशे बिटांचा कापूस जिनात घातला की साडेसदतीस बाइटांची रुई. शंभरास साडेबारा! असा उतारा देणारा जिन आमच्या तालुक्यात आठ दिवस चालू देणार नाहीत. शिवाय हा तीनशेही आपल्या एकट्याचा नसतो. खांबावरच्या डबीत एका धाग्याचे बत्तीस-बत्तीस, कधी चौसष्ट फाटे काढतात. साध्या पद्धतीत मूळ धाग्यातून येतो अडीच गीगाबिट. बत्तीस घरांनी एकदम ओढायचं ठरवलं तर वाट्याला पंच्याहत्तर-ऐंशी. सगळे एकदम ओढत नाहीत, या भरवशावर धंदा चालतो. एका डीपीवर बत्तीस मोटारी असाव्यात तसं हे. फरक इतकाच, की शेतात लाईन आली की बत्तीसही जण एकदमच बटण दाबतात आणि मग डीपी जळते. इथं अजून तसा दिवस उजाडलेला नाही. क्रिकेटच्या फायनलची वाट पाहतोय.

पोट्टं गेल्यावर पहिलं शुभकार्य म्हणून नोंदणी करायची ठरली. 2025-26 च्या हंगामापासून सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावानं कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर आधी नाव नोंदवावं लागतं. माझ्या भावाच्या नावानं मी बसलो. ॲप डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं. काचेतून उजेड सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई आमच्यापासून आठशे किलोमीटर धरली तरी चार मिलिसेकंदांचा रस्ता. नाव भरलं, नंबर भरला आणि ॲपनं सांगितलं, मोबाइलवर ओटीपी पाठवलाय.

ओटीपी काचेतून येत नाही. तो टॉवरवरून येतो. आणि आमच्या घरात मोबाइलला रेंज नसते, भिंतींचं आधी सांगितलंच. चिरंजीव म्हणाले, वायफाय कॉलिंग चालू करा. माझ्या फोनला ते ठाऊक नव्हतं. तेव्हा बायको फोन घेऊन जिन्यानं स्लॅबवर गेली आणि पाण्याच्या टाकीशेजारी, जिथं दोन दांड्या दिसतात तिथं, हात उंच करून उभी राहिली.

“आला! चार... सात...”

“चार सात!” मी खालून.

“नऊ... काय जी, तीन का आठ दिसून नाई रायलं, चश्मा खाली रायला!”

“तीन असन वहिनी!” काकाजी त्यांच्या फाटकातून.

ओटीपी कोणालाही सांगू नका, असं बँका कळकळीनं बजावतात. आमचा ओटीपी अख्ख्या गल्लीला पाठ झाला तरी ॲपला काही तो मिळेना. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला नोंदणी झाली, तेव्हा बायको अर्धा जिना उतरून परत चढलेली होती. घरात तीनशे एमबीपीएस आणि स्लॅबवर बायको, अशी ही घरगुती वेगवान सेवा. तिनं खाली येऊन एवढंच विचारलं, “हे पैसे महिन्याचे भरले का वर्षाचे?”

काकाजींचा वेग मात्र वाया जातो, असं म्हणून मी त्यांच्यावर अन्याय केला. एक उपयोग आहे. काकाजी रात्री न्यूयॉर्कचा कापसाचा वायदा पाहतात. त्यांच्याकडे पाच एकर बटईनं दिलेलं आहे. पूर्वी भाव पडल्याची बातमी गावात यायला दोन-तीन दिवस लागायचे. त्या दोन-तीन दिवसांत माणूस कसा पोटभर जेवायचा, पोरीच्या लग्नाचं बोलायचा, दुकानदाराला ‘देतो ना’ म्हणायचा. आता तिकडे सेंट उतरला की इकडे काकाजींच्या हातातला घास थांबतो. केंद्र सरकारनं 2025 मध्ये 19 ऑगस्टला कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, तेव्हा शेतात पऱ्हाटीला अजून पात्या-फुलं होती. त्याची बातमी, आलेख, चार तज्ज्ञांची चर्चा, सगळं काकाजींना आता लख्ख चित्रात, एका दमात पाहता येतं. पडद्यावर ते गोल चक्र एकदाही फिरत नाही. 1870 मध्ये लिव्हरपूलला जी सोय होती ती अखेर शेतमालकाच्या घरात आली. आता त्यालाही लागलीच कळतं.

ते शुल्क आधी 30 सप्टेंबरपर्यंत काढलं होतं, मग 31 डिसेंबरपर्यंत. हा ‘पर्यंत’ मोठा गुणी शब्द आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे 2008-09 मध्ये मंजूर झाली, ती 2024 च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत आली. गावोगावी ऑप्टिकल फायबर नेण्याची केंद्राची योजना 2011 च्या ऑक्टोबरात मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं, ती ग्रामपंचायतीपर्यंत. ग्रामपंचायतीच्या दारापासून आपल्या दारापर्यंत किती अंतर असतं, हे ज्यानं घरकुलाचा अर्ज केलाय त्याला विचारा. आणि कापसाचा भाव तर ‘पर्यंत’शिवाय छापलाच जात नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी काटापूजन होतं, पहिल्या गाडीवाल्याला शेला-नारळ, फोटो, आणि मुहूर्ताचा चढा भाव. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा, कापूस अमुक हजारांपर्यंत. पर्यंत म्हणजे ती एक गाडी. मागच्या शंभर गाड्यांनी तो मथळा वाचत रांगेत उभं राहायचं. मग ग्रेडर हात घालतो, मशीन खुपसतो, ओलावा पाहतो. आठ टक्के असला तर पूर्ण भाव, त्याच्या वर टक्क्यागणिक कपात, आणि बाराच्या वर गेला की गाडी गेटवरूनच परत.

परवा पुन्हा त्याच टपरीवर ऑटो थांबला होता. भोंगेवाला पोऱ्या चहा पीत होता आणि मामाजी त्याचं पत्रक, चश्मा नाकावर सरकवून, सातबारा वाचावा तसं वाचत होते. नातवानं घरी सत्याग्रह केलाय म्हणे.

“हे तीनशे म्हनजे पक्के तीनशे?”

“तीनशेपर्यंत जी.”

“पर्यंत.” मामाजींनी मान हलवली. हा शब्द त्यांना ओळखीचा. “आन् भाव? सहाशे नव्व्याण्णवच घ्याल?”

“त्याच्यावर जीएसटी लागन ना. अठरा टक्के.”

मामाजींनी पत्रकाची घडी घातली, ती त्याच्या खिशात परत कोंबली आणि गाडीकडे निघाले.

“अठरा? बाराच्या वर गेलं तं आमाले गेटवरूनच वापस धाडते बाप्पा.”